डाव्या बाजूची घाई

नागझिऱ्याहून आल्यापासून जो तो एकच विचारतोय, वाघ दिसला का? दिसला. सकाळच्या फेरीत, पाणवठ्याकडे जाताना रस्ता ओलांडला त्यानं. मोजून सहा-सात सेकंद, आणि त्यातही तोंडापेक्षा शेपटीच जास्त. देखणा होता. पण मला सांगायचंय ते इंडिकेटरचं.

हसा हवं तर. नवराही हसलाच. पण एकोणीस वर्षं गाडी चालवूनही मला हे ठाऊक नव्हतं, आणि आता ठाऊक झालंय तर पोटात राहत नाहीये! वळायच्या आधी दांडी ढकलायची, टिक-टॉक ऐकायचं, वळून झालं की दांडी आपसूक जागेवर येते. माझं ज्ञान एवढंच. दिवा लुकलुकतो, कारण लुकलुकणं हा त्याचा स्वभाव, अशीच माझी समजूत असावी. खरं तर समजूतसुद्धा नव्हती. कधी विचारच केला नव्हता.

मे महिन्याचा दुसरा आठवडा. नागपूरहून पहाटे निघालो, भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली, लाखनी मागे टाकली आणि ऊन चढायच्या आत साकोलीला पोचलो. तिथं मुंबई-कोलकाता महामार्ग सोडून डावीकडे वळायचं. दांडी ढकलली, आणि टिक-टॉकच्या ऐवजी टिकटिकटिकटिक! डॅशबोर्डवरचा हिरवा बाण जीव खाऊन फडफडत होता.

"त्यालाही वाघाची घाई झालीये," नवरा म्हणाला.

उजवा लावून पाहिला. तो शहाण्यासारखा, नेहमीच्या चालीनं. परत डावा लावला, परत धावपळ. मी आपलं म्हटलं, उन्हानं होत असेल. हेही सांगून टाकते, की हीच टिकटिक मी दोन वर्षांपूर्वीही ऐकली होती. तेव्हा एका गॅरेजनं नुसतं "झालं मॅडम" म्हणून गाडी हातात दिली, आणि काय झालं होतं ते मीही विचारलं नाही.

चोरखमारा गेटच्या अलीकडे, ज्या घरी आमचा मुक्काम होता, त्याच्या शेजारीच मोहाच्या झाडाखाली एक ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती आणि ट्रॉलीखालून दोन पाय बाहेर आले होते. मी डावा दाखवत गाडी अंगणात घेतली. पाय तसेच. आतून आवाज आला, "ताई, डावीकडचा एक बलप गेला तुमचा."

त्यानं गाडी पाहिलेली नव्हती! तो पाठीवर पडून होता, तोंड आभाळाकडे, मध्ये ट्रॉलीची फळी.

"न बघता कसं सांगता हो?"

"आवाजावरून. डब्बा मोजते ना जी."

"काय मोजतो?"

"करंट. दोन बलपाचा पाहिजे, एकाचाच जाऊन राहिला. मग तो घाबरते."

एवढं बोलून भाऊ बाहेर आले, हात पुसले, गाडीला चक्कर मारली आणि मागच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. पुढचा लागत होता, मागचा मेलेला. सकाळी हे भाऊ पर्यटकांना जंगलात नेणारी जिप्सी चालवतात आणि दुपारी गावातली वाहनं दुरुस्त करतात. नवरा आत जाऊन पंख्याखाली झोपला. मी तिथंच एका पालथ्या घमेल्यावर बसले ती दिवे लागेपर्यंत.

तर तो डबा. त्याचं नाव फ्लॅशर. माझ्या गाडीत तो स्टिअरिंगच्या खाली बसवलेला निघाला, काड्यापेटीहून जरासा मोठा, पाठीला तीन पाय. एका पायातून बॅटरीची वीज आत येते, दुसऱ्यातून दिव्यांकडे जाते, तिसरा अर्थिंगचा. आत एक चिमुकला विद्युतचुंबक असतो. तो पत्र्याची जीभ ओढतो, ती संपर्काला चिकटते, दिवा लागतो. सोडतो, दिवा विझतो. ओढलं की टिक, सोडलं की टॉक. म्हणजे एकोणीस वर्षं मी जे ऐकत आले तो मला मुद्दाम ऐकवलेला आवाज नव्हताच, ती त्या जिभेची आपटाआपट होती! किती वेळानं ओढायचं आणि सोडायचं ते एक कपॅसिटर भरून-रिकामा होत ठरवतो, नळाखाली भरणाऱ्या आणि भरला की कलंडणाऱ्या तांब्यासारखा.

(माझ्या भाच्याच्या नव्या गाडीत हा डबाच नाही. सगळं काम गाडीचा संगणक करतो आणि टिक-टॉक स्पीकरमधून वाजवतो, कारण आवाज आला नाही तर माणसं दांडी तशीच विसरतील. हे कळल्यावर मला उगीचच वाईट वाटलं.)

आता मोजण्याची गंमत. इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा. बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे एका बल्बाला पावणेदोन अँपिअर. पुढचा एक, मागचा एक, झाले साडेतीन. बाजूला ५ वॅटचा छोटा असतो, त्याचा अर्धाही नाही. ही सगळी वीज डब्यातल्या एका पट्टीतून जाते. पट्टीचा रोध नगण्य, ओहमचे काही शतांश. पण नगण्य म्हणजे शून्य नव्हे. साडेतीन अँपिअर गेले की तिच्या दोन टोकांत एका व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास फरक पडतो. एक बल्ब गेला की करंट अर्धा, आणि फरकही अर्धा. डब्यातली चिप तेवढंच पाहत बसलेली असते. फरक ठरलेल्या रेषेखाली आला, की ती लय जवळजवळ दुप्पट करते. बस्स! मेलेला बल्ब काही बोलत नाही. तो नाही, एवढंच डब्याला जाणवतं, आणि तेवढ्यावरून डबा चालकाच्या कानाशी बोंब मारतो. चालकाला आपला मागचा दिवा बसल्या जागेवरून कधीच दिसत नाही ना, म्हणून. कुणाला सुचलं असेल हे!

मी घड्याळ लावून मोजलं. उजवा मिनिटाला ८४ वेळा, डावा १७० च्या घरात. भाऊ म्हणाले, कायद्यानं साठ ते एकशेवीस पाहिजे. मला वाटलं अंदाजानं सांगतायत. रात्री पाहिलं, तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हेच आहे, मिनिटाला ६० पेक्षा कमी नको, १२० पेक्षा जास्त नको, आणि रंग अंबर, म्हणजे पिवळा-नारंगी. म्हणजे माझा डावा इंडिकेटर साकोलीपासून चोरखमाऱ्यापर्यंत चक्क बेकायदा वागत होता. पण त्या बेकायदेपणातच निरोप होता.

मग भाऊंनी हॅझार्डचा लाल त्रिकोण दाबायला सांगितला. दाबला. आणि सगळं ठीक झालं! घाई गायब, संथ टिक-टॉक. मला वाटलं बरा झाला. भाऊ हसले. "मागं जाऊन पाहा." मागचा डावा मेलेलाच. मग डबा का गप्प? तर हॅझार्डमध्ये चारही कोपरे एकाच डब्याला जोडले जातात. चारांतला एक गेला तरी तिघांचा करंट उरतो, आणि तो 'दोन बल्ब आहेत' या रेषेच्या बराच वर. डब्याला काही चुकल्याचं कळतच नाही. घोळक्यात एक जण नुसते ओठ हलवत असला तर गाणं थांबत नाही, तसं.

आणि हॅझार्डची वीजही वेगळ्या वाटेनं येते. इंडिकेटर चावी फिरवल्याशिवाय लागत नाही. हॅझार्ड मात्र थेट बॅटरीवरून, चावी खिशात असली तरी. असणारच, गाडी बंद पडली की त्याची गरज! मी लगेच हिशेब मांडला. चार बल्ब २१ चे, बाजूचे दोन ५ चे, एकूण ९४ वॅट, म्हणजे पावणेआठ अँपिअर. पण अर्धा वेळ विझलेले, म्हणून सरासरी चारच्या आत. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर नऊएक तास टिकेल. कागदावर. जुनी असेल तर त्याआधीच मान टाकेल.

भाऊंनी घरातून पत्र्याचा डबा आणला. त्यात बटणं, वायसर, तुटके होल्डर, आणि खाली एक चेपलेला ॲल्युमिनियमचा गोल टमरेल. "हा म्हातारा पाहा." जुन्या ट्रॅक्टरचा फ्लॅशर. हा कापलेला होता, म्हणून आतलं दिसलं: एक पातळ पट्टी, तिच्यावर गुंडाळलेली बारीक तार. चिप नाही, कपॅसिटर नाही, काही नाही! दिव्यांचा करंट त्या तारेतून जातो, तार तापते, पट्टी तापते. पट्टी दोन धातूंची, एक दुसऱ्यापेक्षा जास्त पसरतो, म्हणून ती वाकते. वाकली की संपर्क सुटतो, दिवा जातो. निवली की सरळ होते, संपर्क जुळतो, दिवा येतो. तापणं आणि निवणं, एवढ्यावर लाखो गाड्या वळल्या.

आणि या म्हाताऱ्याचं वागणं नेमकं उलटं. बल्ब गेला की करंट कमी, पट्टी नीट तापतच नाही, म्हणून तो रेंगाळतो, नाहीतर दिवा लागला तो लागलाच राहतो. ट्रॉली जोडून दिवे वाढवले की हाच डबा भरभर चालतो. नवा डबा दुःखात धावतो, जुना बसकण मारतो.

एका जिप्सीवाल्यानं बल्ब काढून एलईडी बसवल्याची गोष्ट भाऊंनी इथं सांगितली. एलईडी करंट इतका कमी खातात की डब्याला वाटलं सगळेच बल्ब गेले. टिकटिकटिक. मग उपाय म्हणून शेजारी एक रेझिस्टर जोडला, तो २१ वॅटच्या बल्बाइतकी वीज नुसती जाळत आणि तापत बसतो. वीज वाचवायला एलईडी आणि डब्याला फसवायला शेगडी! एलईडीसाठी वेगळा फ्लॅशर मिळतो, तो घ्यावा हे सरळ. पण मला शेगडीच जास्त आवडली.

बल्ब बदलायची वेळ आली. भाऊंकडे २१ वॅटचा नवा बल्ब होता, साधा पांढरा. घातला, दाबला, फिरवला. बसेना. मी घातला. बसेना. दोन्ही बल्ब शेजारी धरले तर डोळे फाटले. साध्या बल्बाच्या बुडाशी दोन खिळे असतात, बरोबर समोरासमोर. माझ्या गाडीच्या दिव्याची काच पांढरी, म्हणून बल्बच नारंगी लागतो, आणि त्या नारंगी बल्बाचे खिळे समोरासमोर नसतात! एक जरा सरकवलेला, १८० अंशांच्या जागी १५०. मुद्दाम. कुणी घाईत पांढरा बल्ब घालून पांढरा इंडिकेटर लुकलुकवू नये म्हणून. कुणीतरी कुठंतरी बसून माझ्यासारख्या बाईचा आळस आधीच ओळखून तो खिळा तीस अंश सरकवला होता. मी दोन्ही बल्ब तळहातावर घेऊन आत नवऱ्याला दाखवायला गेले. तो म्हणाला, "पाच वाजले का?"

नारंगी बल्ब साकोलीलाच मिळणार होता. तोवर भाऊंची ट्रॉली. तिची तक्रार मला भुताटकीसारखी वाटली. डावा इंडिकेटर लावला की मागचा डावा मंद, आणि त्याच्याबरोबर टेललाइटही लुकलुकतोय. कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. भाऊंनी टेस्ट लॅम्प घेतला, म्हणजे एक बल्ब, दोन तारा, एका तारेला खिळा. इकडे टोचलं, तिकडे टोचलं, आणि निदान केलं, "अर्थिंग गेलं." दिव्यातून गेलेल्या विजेला बॅटरीकडे परतायची वाट लागते. ती वाट म्हणजे गाडीचं लोखंडी अंगच. दिव्याच्या बुडाचा स्क्रू गंजला की वाट बंद. पण वीज हट्टी. ती शेजारच्या टेललाइटच्या तारेतून उलटी शिरते आणि कुठल्यातरी दुसऱ्या दिव्यातून घरी जाते. जाता जाता वाटेतले सगळे दिवे थोडेथोडे पेटवते. पॉलिश पेपरनं दोनदा घासलं, स्क्रू आवळला, भूत गेलं. गोंदियाचा धानाचा चिखल आणि चार महिन्यांचा पाऊस, स्क्रूनं गंजू नये तर काय करावं.

मी विचारलं, गावातल्या इतर ट्रॉल्यांचं काय? भाऊ म्हणाले, "त्यायले लाइटच नाही, तर बिघडन काय?" रात्री तेंदूपत्त्याची पोती लादून अशीच एक अंधारी ट्रॉली आमच्यासमोरून गेली. मागं चमकती पट्टीसुद्धा नव्हती.

जेवणानंतर मी गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून, चावी हातात घेऊन हॅझार्ड लावलं आणि पन्नास पावलं मागे जाऊन उभी राहिले. मिट्ट काळोख. तीन कोपरे लागत होते आणि चौथा नव्हता. साध्या बल्बाचा दिवा एलईडीसारखा कापल्यागत लागत नाही, हे तेव्हा दिसलं. तंतू तापायला क्षणाचा काही भाग जातो, निवायलाही जातो, म्हणून उजेड फुगतो आणि ओसरतो. त्या उजेडात सागाची पानं नारंगी व्हायची आणि परत नाहीशी. तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून रातवा बोलायला लागला. चक, चक, चक-चक, चकचकचक, खाली पडलेला चेंडू टप्पे घेत थांबावा तसा शेवटाकडे घाई करणारा.

"त्याचाही एक बल्ब गेला वाटतं," नवरा मागून म्हणाला. म्हणजे ऐकत होता तर!

सकाळच्या फेरीत वाघ दिसला, ते सांगून झालंय. पण त्याआधीचं सांगते. नागझिरा १९७० पासून अभयारण्य, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. माडगूळकर-चितमपल्ली वाचून येणारे इथं जसे कान टवकारून बसतात, तशी मीही बसले होते. चितळ ओरडलं. गाईडनं हात वर केला, पण जिप्सी हलली नाही. चितळ कशालाही बिचकतं म्हणे. मग वानर खाकरलं, उंचावरून. तेव्हा जिप्सी निघाली. चितळानं शेपूट उभारली होती, खालचा पांढरा भाग झेंड्यासारखा दिसत होता. मी भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी आरशातून माझ्याकडे. दोघांच्याही डोक्यात मागचा दिवा.

परतताना साकोलीपर्यंत डावीकडचा मागचा दिवा नव्हताच, तर मी हात वापरले. १९८९ च्या रस्त्याच्या नियमावलीत डावीकडे वळायची खूण होती. उजवा हात खिडकीबाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेनं गोल फिरवायचा. मी फिरवला. मागचा मोटारसायकलवाला थांबून, काही हवंय का, असं विचारायला जवळ आला.

हात ते दिवा या प्रवासात मध्ये लोखंडी हातही होऊन गेला. मूकपटांची नटी फ्लॉरेन्स लॉरेन्स हिनं १९१४ च्या सुमारास बटण दाबलं की मागे वर-खाली होणारा खुणेचा हात आपल्या गाडीला बसवला होता. पेटंट घेतलं नाही बाईनं. जुन्या मॉरिस मायनरला दोन दारांमधल्या खांबातून नारंगी बोट बाहेर यायचं, विद्युतचुंबकानं उचललेलं, आत दिवा लावलेलं, पण न लुकलुकणारं. लुकलुकणारे दिवे १९३९ च्या ब्यूकवर कारखान्यातूनच आले, तेही आधी फक्त मागे.

महामार्गावर मात्र या सगळ्या हुशारीची माती होते. पुढच्या ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला. म्हणजे काय? तो उजवीकडे वळतोय, की 'या, उजवीकडून पुढे निघा' म्हणतोय? त्याच नियमावलीत 'ओव्हरटेक करा' म्हणायला उजवा हात पुढे-मागे झुलवायची वेगळी खूण होती. काचा बंद झाल्या, हात आत गेले आणि दोन अर्थ एकाच दिव्यात कोंबले गेले. काही ट्रकवाले त्यासाठी डावा देतात, 'मी बाजूला होतो' म्हणून. कोण कोणत्या पंथाचा ते मागच्यानं नशिबावर ओळखायचं. आणि चौकात सरळ जायचंय म्हणून हॅझार्ड लावणारे, पाऊस आला की चालत्या गाडीत हॅझार्ड लावणारे! चारही लागले की तुमचा डावा-उजवा कुणाला कळणार? हॅझार्ड म्हणजे 'मी इथं अडकलोय'. मीही लावायचे, घाटात, धुक्यात, अभिमानानं. आता नाही.

साकोलीला बल्ब घेतला. दुकानदारानं खोक्यातून काढायच्या आधीच मी म्हटलं, "खिळे तिरके असलेला." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि बल्बबरोबर बिल दिलं. दुकानासमोरच बसवला, मीच. दाबला, फिरवला, खट्ट. ८४.

संध्याकाळी नागपुरात शिरलो. पहिल्याच मोठ्या सिग्नलला माझ्या पुढे एक पांढरी गाडी उभी, उजवा इंडिकेटर लावलेला, आणि तो जीव खाऊन धावत होता. मी काच खाली केली. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. शेजारची जागा मोकळी झाली तशी गाडी पुढे घेतली आणि ओरडले, "दादा, तुमचा उजवीकडचा पुढचा बल्ब गेलाय!"

तो दचकला. "पुढचा? तुम्ही तर मागे होता."

"मागचा लागतोय ना, म्हणून!"

सिग्नल सुटला.